शाकुंतल शिरपुरात

३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांनी कालिदासाच्या शाकुंतलाचे पहिले चार अंक पुण्यात संगीतासह रंगभूमीवर आणले. परंतु मुंबई-आग्रा मार्गावरील शिरपूरसारख्या गावी मुलांस शाकुंतल भेटते ते बहुधा पुस्तकातूनच. नाटकाचा केवळ अर्थ सांगणे म्हणजे भुकेल्यास पाकक्रिया वाचून दाखविणे होय.

पुण्याचे भरत नाट्य संशोधन मंदिर १८९४ पासून हौशी नटांच्या बळावर उभे आहे. नफ्याकडे न पाहणाऱ्या अशा संस्थांनीच शिरपुरास यावे. मात्र एक प्रयोग करून त्याच रात्री परत फिरू नये. दोन दिवस राहावे, शिक्षकांस पदे शिकवावीत, मुलांच्या मुखी संवाद द्यावेत. संपूर्ण नाटकाचा हट्ट नको. चौथा अंक पुरे. शकुंतला सासरी निघते आणि विरक्त कण्वाचाही कंठ दाटून येतो. ताईची पाठवणी पाहिलेल्या मुलास हा प्रसंग समजावून सांगावा लागेल काय? वहीगायन ऐकत आलेल्या खानदेशास नाट्यपद जड जाईल, ही भीतीही व्यर्थच.

प्रश्न उरतो खर्चाचा. प्रवासाचा भार शाळांनी मिळून उचलावा. भोजनाची चिंता गावावर सोपवावी. खानदेशात पाहुणा उपाशी राहत नाही.