धनकोचा दूरध्वनी

पूर्वी सावकाराचा माणूस तगाद्यासाठी ओट्यावर येऊन बसे. आज जळगाव-धुळ्याच्या मध्यमवर्गीय घरांत तोच तगादा दूरध्वनीतून थेट स्वयंपाकघरापर्यंत पोहोचतो. हप्ता थकलेला गृहस्थ लाजेपोटी फोन बंद करून बसतो. पत्नीलाही काही सांगत नाही. आम्ही शाळेत मुलांना व्याज काढावयास शिकविले. तगादेदाराशी बोलावे कसे, ते शिकविले नाही!

सकाळी 8 पूर्वी व सायंकाळी 7 नंतर वसुलीचे फोन करू नयेत, धमकावू नये, नातलग-मित्रांना त्रास देऊ नये, असे रिझर्व्ह बँकेने 12 ऑगस्ट 2022 रोजी बँकांना व वित्तसंस्थांना बजाविले. किती ऋणकोंना हे ठाऊक आहे? फोन एकदा घ्यावा, बोलणाऱ्याचे नाव व संस्था विचारावी, झेपेल तेवढीच रक्कम सांगून तीच बँकेला लेखी कळवावी. फोन संपावा म्हणून खोटा वायदा करू नये. छळ थांबला नाही, तर बँकेकडे लेखी तक्रार करावी. 30 दिवसांत दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते.

कर्ज बुडवावे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. परंतु पगार थांबल्याने वा दुखण्यामुळे हप्ता चुकणे हा गुन्हा नव्हे. (धनादेश न वटल्यास मात्र फौजदारी खटला होऊ शकतो.) 1875 साली सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले, तेव्हा कोठे 1879 चा कायदा आला. आज नियम आधीच आहे. येथील बँक-व्यवस्थापकांनी तो आपल्या वसुली-एजंटांना एकदा मोठ्याने वाचून दाखवावा, एवढेच आमचे मागणे आहे.