ऐकू येते, पण कळत नाही

‘‘आवाज येतो डॉक्टर, पण नात काय म्हणते ते उमगत नाही,’’ ७८ वर्षांचे एक निवृत्त शिक्षक सांगत होते. कानातील मळ काढला, तरी तक्रार राहिलीच. वार्धक्यात प्रथम उंच पट्टीतील ध्वनी मंदावतात. स, श, फ यांसारखी व्यंजने निसटतात. त्यात त्यांच्या मॉनिटरमधले इवलेसे स्पीकर पाठीमागे, भिंतीकडे तोंड करून!

मी बाहेरचे स्पीकर जोडावयास सांगितले. त्यांची गोल पिन संगणकामागील हिरव्या छिद्रात बसवावी. गुलाबी छिद्र मायक्रोफोनचे. स्पीकरला वीजही लागते. ती यूएसबीतून अथवा भिंतीवरील प्लगातून द्यावी. तरीही शांतताच असेल, तर ध्वनीच्या सेटिंगमध्ये तेच स्पीकर निवडावेत. ते चेहऱ्याकडे वळवून, हातभर अंतरावर ठेवावेत. आवाज चढवत नेण्यापेक्षा ट्रेबल किंचित वाढवून पाहावा. वायर मात्र पायात येऊ देऊ नये. याहून क्षुल्लक कारणाने खुब्याचे हाड मोडलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

गुरुजींना आता नातीचे बोलणे बरेचसे कळते. तथापि श्रवणचाचणी मी टाळू दिली नाही. स्पीकर हा श्रवणयंत्राला पर्याय नव्हे. आणि एका कानाचे ऐकणे अकस्मात गेले, तर वायरी तपासत बसू नये. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना गाठावे.