चढणीचा मासा आणि आपला उतावळेपणा



जून उजाडला की आमच्या पालघर जिल्ह्यात दोन अगदी उलट्या तऱ्हा पाहायला मिळतात. खाली किनाऱ्यावर, सातपाटीला, डहाणूला, होड्या वर ओढून ठेवलेल्या असतात. १ जूनपासून साधारण दोन महिने समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद. एक तर दर्या खवळलेला, आणि दुसरे म्हणजे हा माशांच्या विणीचा काळ. सरकारने नियम करण्याच्या कितीतरी आधीपासून कोळी बांधव नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन मगच नव्या मोसमाला लागत आले आहेत. आणि वर डोंगरात, आमच्या जव्हार-मोखाड्यात काय? तर त्याच जूनमध्ये मासेमारीला खरी सुरुवात होते! एकच जिल्हा, एकच पाऊस. खालचा मासा विश्रांती घेतो आणि वरचा मासा जाळ्यात जातो. या विसंगतीवर आज थोडे लिहावे म्हणतो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडून ओढ्यानाल्यांना गढूळ लोंढा आला की नदीतले मासे प्रवाहाच्या उलट दिशेने वर चढू लागतात. ठाणे-रायगडकडे याला ‘वलगण’ म्हणतात, घाटावरची मंडळी ‘चढणीचे मासे’ म्हणतात. मासा उगीच हौस म्हणून वर चढत नाही. नव्या पाण्यात, ओढ्यांच्या उथळ काठांना, थेट भाताच्या खाचरांत शिरून त्याला अंडी घालायची असतात. तिथे पाणी शांत असते, मोठ्या माशांची भीती कमी असते आणि पिलांना खायला भरपूर असते. पिले पावसाळाभर खाचरांत वाढतात आणि आश्विनात पाणी ओसरू लागले की त्याबरोबर खाली नदीत येतात. वर चढणाऱ्या मादीच्या पोटात हजारो अंडी असतात. पोट टम्म, अंग जड, त्यामुळे ती हाताला सहज लागते. तिची चवही वेगळी असते असे जाणकार सांगतात. तिच्या मुळावर आले आहे ते नेमके हेच.

मी याच भागात पस्तीस वर्षे मुलांना शिकवले. शाळा जूनच्या मध्यावर उघडायची आणि पहिला लोंढाही त्याच सुमारास यायचा. हजेरी घेताना अर्धा वर्ग रिकामा दिसला की कारण विचारायची गरज नसे. जी दोन-चार मुले आलेली असत ती खिडकीबाहेर बघत सांगत, “गुरुजी, मासे चढलेत.” आणि त्या मुलांचे ज्ञान काय वर्णावे! कुठल्या ओढ्याला कुठला मासा आधी चढतो, मळ्या कुठे, शिंगटी कुठे, वाम कुठल्या दगडाखाली दडते, चिंबोऱ्या कोणत्या रात्री बाहेर पडतात, सारे तोंडपाठ. ज्याला सातचा पाढा येत नसे तो मला पाण्याच्या रंगावरून वर किती पाऊस झाला ते सांगत असे. मीही त्यांच्या घरी हे मासे आवडीने खाल्ले आहेत. त्याबद्दल मला तेव्हा खंत नव्हती आणि आजही नाही. का, ते पुढे सांगतो.

माझी पुतणी कॅनडात ऑन्टारियो प्रांतात असते. तिचे यजमान आणि त्यांचे सात-आठ मित्र दर वसंतात मासे धरायला जातात. लेक ऑन्टारियोच्या उत्तर काठाला बे ऑफ क्विंटी नावाचे मोठे आखात आहे, तिथे. मासा वॉलाय नावाचा. याच्या डोळ्यांत मागच्या बाजूला चकाकता थर असतो, म्हणून गढूळ आणि अंधाऱ्या पाण्यातही त्याला दिसते. हा मासाही आपल्या माशासारखाच. फक्त तो पावसाची नव्हे तर बर्फ वितळण्याची वाट बघतो. पाणी मोकळे झाले की आखातातून ट्रेंट, मॉयरा अशा नद्यांत चढतो आणि खडीवर अंडी घालतो. मात्र त्या काळात तिथे तो धरायला बंदी असते. मार्चच्या सुरुवातीला मोसम बंद होतो, तो उघडतो मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी. परवाना काढावा लागतो, आणि रोज किती मासे न्यायचे यालाही मर्यादा. जावईबापू सांगत होते की गळ, होडी, तंबू सगळे तयार असते, मासा डोळ्यांसमोर उड्या मारत असतो, तरी मंडळी त्या शनिवारची वाट बघतात. तोवर मासा आपले काम उरकून परत आखातात आलेला असतो.

हे ऐकून कोणीही म्हणेल, मग आपल्याकडेही तसाच कायदा करा, जून-जुलैत नदीवर पूर्ण बंदी! शहरातले काही निसर्गप्रेमी असे म्हणतातही. मला मात्र हे पटत नाही. क्विंटीला एखाद्याला मासा मिळाला नाही तर तो घरी जाऊन दुसरे काहीतरी खातो. आमच्याकडे जून ते ऑगस्ट हा वर्षातला सगळ्यात ओढीचा काळ. कणगीतले भात-नागली संपत आलेले, नवे पीक यायला अवकाश, रोजगार हमीची कामे थंडावलेली. १९९२-९३ साली वावर-वांगणीच्या बालमृत्यूंमुळे जव्हार तालुक्याचे नाव देशभर गेले. ते ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना ठाऊक आहे की अशा दिवसांत पोराच्या ताटात पडलेली चार मळ्या आणि दोन चिंबोऱ्या ही चैन नाही. ते त्याचे औषध आहे. सरसकट बंदी आली तर तिचा दंडुका कोणाच्या पाठीवर बसेल? मोटारीतून आलेल्याच्या नव्हे, डोक्यावर इरले आणि हातात पाग घेतलेल्या वारल्याच्या किंवा कातकऱ्याच्याच.

मग मासे कमी का झाले? कारण ते नक्कीच कमी झाले आहेत. गावोगावचे म्हातारे एका सुरात तेच सांगतात. पूर्वीही लोक चढणीचा मासा धरत, पण हाताने, कोयत्याने, पागाने, नाहीतर बांबूच्या कामट्यांच्या सापळ्याने. अंधार, लोंढा आणि घसरडे दगड हीच माशाची ढाल होती. कितीही धरले तरी पुष्कळसा मासा निसटून वर जाई. आता काय होते? मच्छरदाणीसारखे बारीक नायलॉनचे जाळे या काठापासून त्या काठापर्यंत आडवे लावले जाते. त्यातून बोटभर मासाही सुटत नाही. कुठे ब्लिचिंग पावडर, कुठे कीटकनाशक, कुठे बॅटरीचा करंट. विष आणि सुरुंग लावून मासे मारणे हा १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे, म्हणजे सव्वाशे वर्षांहून अधिक काळ! पण रात्रीच्या पावसात ओढ्याकाठी कायदा कोण घेऊन उभा राहणार?

त्यात आमच्या नद्यांची गत वेगळी. जव्हार-मोखाड्यात पाऊस धो धो पडतो आणि तसाच वाहून जातो. मार्च-एप्रिलला बहुतेक ओढे कोरडे. मासा उरतो तो फक्त चार-दोन खोल डोहांत. तिथेही उन्हाळ्यात पाणी उपसून किंवा विष टाकून त्याला गाठतात. जो जगतो-वाचतो तोच जूनमध्ये वर चढतो. म्हणजे चढणीचा मासा हे व्याज नव्हे, ते मुद्दल आहे. मुद्दलच खाल्ले तर पुढच्या वर्षी व्याज कोठून येणार, हे सांगायला गणिताचा मास्तर कशाला हवा?

धरणांचाही वाटा आहेच. मोखाड्यातल्या कोचाळ्याजवळचे मध्य वैतरणा धरण शंभर मीटरहून उंच आहे आणि मुंबईला रोज सुमारे ४५ कोटी लिटर पाणी देते. मुंबईची तहान भागते ही चांगलीच गोष्ट आहे. पण ती भिंत चढून जाणारा मासा अजून जन्माला आलेला नाही. म्हणूनच जे लहान ओढे अजून मोकळे आहेत त्यांचे मोल आता दुप्पट झाले आहे.

आता थोडे कडू बोलतो, नातेवाइकांनी राग मानू नये. गेल्या काही वर्षांत पहिल्या पावसाला मुंबई-ठाणे-नाशिकहून गाड्या भरभरून लोक येतात. धबधब्याखाली भिजणे, बाटल्या आणि सोबत ‘चढणीच्या माशांचा बेत’. दहा-बारा जणांचा गट, गावातल्या दोन पोरांच्या हातावर पैसे ठेवतो आणि रात्रभर ओढा झाडून घेतो. मोबाईलवर चित्रण होते, ते पाहून पुढच्या शनिवारी आणखी तीन गाड्या येतात. आमच्याच घरातल्या एका भाच्याने यंदा विचारले, “मामा, आम्ही दहा जण येतो, मृगात मासे धरायला नेशील ना?” मी नाही म्हटले. त्याला वाईट वाटले, ते साहजिकच आहे. तो म्हणाला, “गावातले लोक धरतात ते चालते, आणि आम्ही एक दिवस धरले तर बिघडते?”

प्रश्न चोख आहे, त्याला उत्तर द्यायलाच हवे. गावातला माणूस धरतो तो घरच्या हंडीपुरता, आणि हंडीला तळ असतो. हौसेला तळ नसतो. शिवाय ओढा आटला तर त्याचा भोग गावातल्या माणसाला भोगावा लागतो. आपण पुढच्या वर्षी दुसरीकडे सहलीला जातो. ज्याला परिणाम भोगावा लागत नाही त्याने निदान संयम तरी पाळावा, एवढेच माझे म्हणणे. गावातल्यांना सगळे माफ असेही मी म्हणत नाही. आडवे जाळे आणि विष हे गावच्याने केले तरी पापच.

उपाय दूर शोधायला नको. वाड्याजवळ तिळसे येथे, याच वैतरणेच्या पात्रात, महादेवाच्या देवळापाशी मोठमोठे मासे निर्धास्त फिरतात. लोक त्यांना देवाचे मासे मानतात, खायला घालतात, धरत कोणी नाही. महाडजवळ वाळणच्या कोंडातही वरदायिनी देवीच्या नावाने मासे राखलेले आहेत. तिथे ना पहारेकरी ना दंड. आपल्या लोकांनी श्रद्धेने जे एका डोहापुरते केले ते समजुतीने एका ओढ्यापुरते करता येणार नाही का?

आणि अधिकारही हातात आहे. जव्हार आणि मोखाडा ही दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ च्या पेसा कायद्याने लहान जलसाठ्यांचे नियोजन योग्य पातळीवरच्या पंचायतींकडे दिले आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात तर पाण्यातल्या माशांवरचा सामूहिक हक्क स्पष्ट लिहिला आहे, आणि पाण्याचे स्रोत व जैवविविधता राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. हक्क मागताना आपण हा कायदा दाखवतो, मग राखण करतानाही दाखवू या. ग्रामसभेने चार साध्या गोष्टी ठरवाव्यात असे मला वाटते.

एक, पहिल्या लोंढ्याचे तीन दिवस ओढ्यात आडवे जाळे नको, निम्मे पात्र मोकळे राहिले पाहिजे. दोन, हाताने, पागाने किंवा गळाने घरच्यापुरते धरायला मोकळीक, पण या काळात विक्री नको आणि बाहेरच्या गटांना मज्जाव. तीन, विष आणि करंट कोणी केला, मग तो कोणाचाही कोण असो, तर नाव थेट ठाण्यात. चार, प्रत्येक गावाने उन्हाळ्यात निदान एक डोह देवराईसारखा राखावा. त्यात कोणी उतरायचे नाही.

यातली एकही गोष्ट कोणाला उपाशी ठेवत नाही. उलट, दोन-तीन पावसाळ्यांत ओढा भरला तर हंडीही भरेल. पापलेटला २०२३ साली महाराष्ट्राचा राज्यमासा ठरवले, आनंद आहे. पण मळ्या आणि शिंगटीला असा मान कोणी देणार नाही. त्यांना फक्त तीन रात्रींची मोकळी वाट हवी आहे.

कायदा आणि ग्रामसभा आपल्या गतीने चालतील. आपण पाहुणे मंडळींनी मात्र आजच ठरवायला हरकत नाही. तेव्हा भाचेमंडळी, पुतणेमंडळी आणि समस्त स्नेही, पावसाळ्यात जरूर या. दाभोसा पाहा, सूर्यमाळला चार दिवस राहा, घरी नागलीची भाकरी, रानभाज्या आणि सुक्या बोंबलाची चटणी तयार आहे. मासे धरायचेच असतील तर आश्विनात या. तेव्हा पाणी निवळलेले असते, खाचरांतला मासा खाली उतरत असतो आणि त्याने मागे आपली पिले ठेवलेली असतात. गळ कसा टाकायचा ते माझे जुने विद्यार्थी तुम्हाला शिकवतील. मी काठावर बसून बघेन.