डांबर नंतर, आधी गटार

जून लागला की आपल्याकडे रस्त्याचं डांबर सुटतं आणि सगळ्यांचं एकच, "पाऊसच लई झाला." जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात पाऊस तुफान पडतो, हे खरंच. पण तो काय यंदाच पहिल्यांदा पडतोय? पाऊस येणार हे धरूनच रस्ता बांधायचा असतो. पावसाला दोष दिला की वाईट काम करणारा आपोआप सुटतो.

पाणी रस्त्याचं नेमकं काय करतं ते बघा. खडीला डांबरापेक्षा पाणी जवळचं. रोलर नीट फिरला नसेल तर थरात बारीक पोकळ्या राहतात. त्यात पाणी मुरतं आणि खडीवरचं डांबर हळूहळू सुटतं. भरलेला टिप्पर वरून गेला की चाकाखाली तेच पाणी जोरात दाबलं जातं, चाक पुढे गेलं की ओढलं जातं. असं दिवसभर चालतं. मग खडी मोकळी होते, खड्डा पडतो. साईडपट्टीतून पाणी खाली उतरलं तर त्याहून वाईट. खालचा मुरूम मऊ पडतो, मग वर कितीही डांबर ओता, रस्ता खचणारच.

उपाय काही अवघड नाहीत. मध्यापासून कडेकडे मीटरमागे साधारण अडीच सेंटीमीटर उतार, कडेला वाहतं गटार आणि न तुंबलेली मोरी. खडीची चाचणीसुद्धा आहे. डांबर लावलेली खडी 40 अंशाच्या पाण्यात 24 तास ठेवतात. 5 टक्क्यांपेक्षा जास्त डांबर सुटलं तर ती तशीच वापरायची नसते.

कुणी म्हणेल, गटाराला पैसा कुठला? मग दरवर्षी त्याच खड्ड्यात पॅच मारायला येतो तो पैसा कुठला? आणि दारापुढे वाट हवी म्हणून गटारात माती टाकणारे आपलेच लोक आहेत, तेही बोलायला पाहिजे.

मित्रांनो, पावसाळ्यात खड्ड्याचे फोटो सगळेच टाकतात. तुम्ही पाणी कुठं तुंबतं त्याचे फोटो काढून ठेवा, तारखेसकट. काम मंजूर झालं की माहिती अधिकारात त्याचं अंदाजपत्रक मागा. त्यात गटार आणि मोरी आहे का ते आधी बघा. नसेल तर डांबर पडायच्या आधीच ग्रामपंचायतीत जाऊन विचारा. रोलर निघून गेल्यावर विचारून उपयोग नाही.