मूळ कोठें आहे?

गेल्या महिन्यांत आमची भाची ग्रंथालयशास्त्राच्या परीक्षेसाठीं लिहिलेला प्रबंध घेऊन आमच्यापुढें बसली. विषय होता ‘माहिती-साक्षरता’, म्हणजे हवी ती माहिती शोधावी, पारखावी व वापरावी कशी याचें ज्ञान. ही संज्ञा अमेरिकेंतील पॉल झुरकॉव्स्की यांनीं १९७४ सालीं प्रचारांत आणिली. प्रबंधांतील एका आधाराकडे बोट दाखवून आम्हीं विचारिलें, ‘हा लेख तूं वाचलास काय?’ तिनें मान खालीं घातली. ‘नाहीं मामा. संगणकावरील प्रश्नोत्तरी यंत्रानें नांव सांगितलें, तें उतरून घेतलें.’

मग आम्ही दोघें ‘एरिक’ या सूचींत शोध करूं लागलों. शिक्षणविषयक लेखांची ही अमेरिकन सरकारची सूची विनामूल्य पाहतां येते; तिचा संग्रह १९६६ सालीं सुरू झाला. प्रथम दोन्ही इंग्रजी शब्द नुसतेच लिहिले, तों लेखांचा ढीग पुढें आला. कित्येकांत ते शब्द एकमेकांपासून दूर पडलेले. अवतरणचिन्हांत घातल्यावर जोडी अभंग राहिली. पुढें सूचीचा स्वतःचा कोश पाहिला. अमरकोशांत एका अर्थाचे अनेक शब्द एकत्र गुंफिले आहेत. येथें तशा अनेकांतून एक शब्द विषयाचें नांव म्हणून नेमिलेला असतो. त्यानें शोधिलें म्हणजे ज्याच्या मथळ्यांत तो शब्द नाहीं, असा लेखहि सांपडतो. ‘अँड’, ‘ऑर’, ‘नॉट’ हीं जोडपदें तर आमच्या ओळखीचींच निघालीं: संस्कृतांतील च, वा आणि न! ‘च’नें शोध आटोपता होतो, ‘वा’नें विस्तारतो. जुन्या लेखांत ‘ग्रंथालय-शिक्षण’ असा शब्द असे, म्हणून तोहि ‘वा’नें जोडिला.

उत्तम लेख पुष्कळ मिळाले. भाचीचा तो लेख मात्र कोठेंच नाहीं. ज्या नियतकालिकाचें नांव दिलें होतें, त्याच्या त्या अंकाची अनुक्रमणिका उघडली, तर त्या पृष्ठांवर दुसराच लेख! यंत्रानें तो आधार रचिला होता. प्रबंध देण्यास चारच दिवस उरले होते. त्यावर उभारलेलीं सात पानें तिनें स्वतःच्या हातानें खोडलीं.

तिला बोल लावणार, तोंच आम्हांस आमचीच गोष्ट आठवली. एक सुभाषित आम्ही वर्षानुवर्षें वर्गांत कालिदासाचें म्हणून सांगत असूं. एकदां एका विद्यार्थ्यानें विचारिलें, ‘सर, हें कोणत्या सर्गांत आहे?’ आम्हीं त्यास उद्धट म्हणून खालीं बसविलें. त्या रात्रीं ग्रंथ चाळले; सांपडलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं वर्गांत तसें कबूल करण्याचें धैर्य मात्र झालें नाहीं. आणि निराधार कांहीं लिहिणार नाहीं, ही मल्लिनाथाची प्रतिज्ञा आम्हीच मुलांस सांगत होतों!

यंत्र नवें आहे. ऐकीव गोष्ट आधार म्हणून खपविण्याची खोड जुनीच आहे. वाचकहो, मुलानें ‘हें कोठें आहे?’ असें विचारिलें, तर त्यास बसवूं नका. त्याच्याबरोबर उठून पुस्तक काढा.