विश्लेषण : थोरले माधवराव… सद्गुणी राजाची शोकांतिका नेमकी कोणती?

थेऊरला चिंतामणीच्या दर्शनाला गेलेले पुणेकर रमाबाईंच्या समाधीपाशीही हात जोडतात. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी याच गावात थोरले माधवराव पेशवे क्षयाने गेले. वय अवघे २७. रमाबाई सती गेल्या. ही गोष्ट मराठी माणसाला पाठ आहे. पण तिच्यातली खरी शोकांतिका आपण ओळखली आहे का?

रंगभूमीवर हा राजा कधी आला?

विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले. त्यानंतरची नाटके बहुतांश पौराणिकच होती. १८६१ मध्ये विशी जेमतेम ओलांडलेल्या विनायक जनार्दन कीर्तने यांनी ‘थोरले माधवराव पेशवे’ लिहिले. नायक देव नव्हे, इतिहासातला माणूस. आणि शेवट दुःखाचा. पेशवाई बुडून तेव्हा ४३ वर्षेच झाली होती. माधवराव पदाने पेशवे, छत्रपतींची गादी साताऱ्याची. पण कारभार पुण्यातून चाले. म्हणून प्रेक्षकांच्या लेखी तेच राज्यकर्ते.

सद्गुणी नायकाची अडचण काय?

निर्दोष माणूस आजाराने गेला, तर हळहळ वाटते. पण त्याच्या स्वतःच्या कृतीचा त्यात काही भाग नसतो. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मधला डंकन राजा इथे आठवतो. कुसुमाग्रजांनी हेच नाटक ‘राजमुकुट’ म्हणून मराठीत आणले. शेक्सपिअरने ज्या बखरीचा आधार घेतला, तिच्यातला डंकन काहीसा मवाळ, ढिला राजा आहे. नाटककाराने त्याला इतका भला केला, की मारेकऱ्याचाही हात क्षणभर अडखळावा. मात्र हा भला राजा एकदा फसूनही पुन्हा विश्वास टाकतो, आणि त्यातच जातो.

माधवरावांचा विश्वास कोणावर?

काका रघुनाथरावांवर. १७६२ मध्ये आळेगावला घरातली फूट वाढू नये म्हणून माधवरावांनी काकांपुढे माघार घेतली. १७६८ मध्ये धोडपला काकांचा पराभव करून त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले. आणि मृत्यू समोर दिसताच धाकट्या नारायणरावाला त्याच काकांच्या स्वाधीन केले. दहा महिनेही उलटले नाहीत, तोच ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. माझ्या मते शोकांतिका इथे आहे. क्षयाने एक माणूस नेला. पण पुढचा घात टाळायला त्या माणसाच्या शब्दाखेरीज कसलीही व्यवस्था नव्हती.

मग चांगुलपणा कशात होता?

माधवरावांचा मोठेपणा ते चुकत नसत यात नव्हता, त्यांना चूक दाखवता येत असे यात होता. जपजाप्यात रमलेल्या पेशव्यांना रामशास्त्री प्रभुणे यांनी सुनावले, की हेच करायचे असेल तर गादी सोडून काशीला चला. आणि पेशव्यांनी ते ऐकले, असे सांगितले जाते. वेठबिगारीला त्यांनी मनाई केली. नारायणरावांच्या खुनानंतर रघुनाथरावांना दोषी ठरवणारे रामशास्त्रीच. पण ऐकून घेणारा धनी उरला नव्हता. न्यायाधीश तोच होता, निवाडा खरा होता. अंमल मात्र झाला नाही.

आज याचा अर्थ काय?

नाटक, कादंबरी, मालिका आणि आता मोबाइलवरच्या रील. सगळीकडे माधवरावांचे अखेरचे दिवस रंगवले जातात. डोळे भरून येतात आणि ‘असा राजा पुन्हा होणे नाही’ म्हणून आपण मोकळे होतो. हे वाक्य सोयीचे आहे. त्यात आपल्यावर कसलीच जबाबदारी येत नाही. आपणही भला नेता शोधतो. त्याच्यानंतर काय, हे विचारत नाही. सद्गुणी राजाचे चित्रण करावेच, पण त्याच्या शेजारी रामशास्त्रीही उभे करावेत. थेऊरला हात जोडून परतताना शनिवारवाड्यावरूनही एक चक्कर मारावी. ही गोष्ट थेऊरला संपत नाही.