हवा फुकटची नव्हे

5 अश्वशक्तीची मोटर किती वीज खाते, हे माधवनगरच्या शेतकऱ्याला शिकवायला नको. चुन्याचं दूध, गाळ ओढायला हवेवरचा डायफ्रॅम पंप सोयीचा खरा. कोरडा चालला तरी जळत नाही. पण हवा बनवणारा कॉम्प्रेसर विजेवरच चालतो, अन् त्या विजेचा जेमतेम आठवा-दहावा हिस्सा पंपाच्या कामी येतो. 7 किलो दाबाच्या नळीला 3 मिलिमीटरचं भोक पडलं, की आपल्या विहिरीवरच्या त्या मोटरीएवढी वीज नुसती फुसफुसत जाते, रात्रंदिवस! ही भरपाई शेवटी उसाच्या दरातूनच. आमच्या मते पातळ रसाला साधा विजेचा पंपच बरा. किर्लोस्करवाडी काही लांब नाही. येत्या वार्षिक सभेत आम्ही विचारणार आहोत: गळीत संपल्यावर हवेच्या नळ्यांना साबणाचं पाणी लावून कुणी पाहिलं का?